काल जमलं, आज का अडतं? वाद्याचा सराव टिकतो कसा आणि विरतो कसा

रात्री तासभर बसून एक अवघड जागा घोटली. शेवटच्या पाच-सहा वेळा ती अगदी स्वच्छ वाजली. दुसऱ्या दिवशी वाद्य हातात घेतलं आणि पहिल्याच खेपेला बोटं अडखळली. वाद्य शिकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. त्यातून बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: आपण पुरेसा वेळ बसलो नाही, किंवा आपल्या हातात ती कलाच नाही. बऱ्याचदा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. वेळ दिलेला असतो, हातही ठीक असतो. तो तास ज्या पद्धतीने घालवला, त्या पद्धतीतच 'उद्या हे आठवणार नाही' याची सोय होऊन बसलेली असते.

हार्मोनियम, तबला, गिटार, बासरी, व्हायोलिन, पियानो यांची तंत्रं वेगवेगळी आहेत. पण हाताला नवीन हालचाल शिकवण्याचं काम मेंदू सगळीकडे सारख्याच रीतीने करतो. ती रीत समजली की सरावाच्या बऱ्याच सवयी आपोआप बदलतात.

सफाई वेगळी, पक्केपणा वेगळा

या लेखात दोन शब्द वेगळे ठेवायचे आहेत. सराव चालू असताना हात आत्ता कसा चालतोय, ती 'सफाई'. उद्या, थंड हाताने, पहिल्याच प्रयत्नात तीच जागा किती बरोबर वाजते, तो 'पक्केपणा'. आपल्याला हवा असतो पक्केपणा, पण बसल्या जागी डोळ्यांना आणि कानांना दिसते ती सफाई. त्यामुळे सफाई वाढली की काम झालं असं वाटतं आणि आपण उठतो.

३७ गुणिले २४ किती, हे कागदावर सोडवा. उत्तर ८८८ येतं. आता हेच गणित लगेच आणखी वीस वेळा 'सोडवा'. पहिल्या खेपेला गुणाकार झाला. नंतरच्या वीस वेळा फक्त ८८८ लिहिलं गेलं. एकच तान लागोपाठ वीस वेळा वाजवताना बरंचसं असंच होतं. चार सेकंदांपूर्वीची हालचाल डोक्यात अजून ताजी असते, त्यामुळे ती पुन्हा शोधून काढावी लागत नाही. आणि शिकणं घडतं ते नेमकं या शोधून काढण्यात. थोडं विसरायला झालं, मग प्रयत्नाने आठवलं, असं झालं की ती गोष्ट खोल बसते.

मानसशास्त्रात हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना लाकडी अडसर ठराविक क्रमाने हाताने पाडायला शिकवलं. असे तीन क्रम होते. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटून मगच दुसरा घेतला, दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट मिसळून दिले. सराव चालू असताना घोटणारा गट सरस होता. पण दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी तपासलं, तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे निघाला. २०१६ मध्ये कसलेल्या क्लॅरिनेटवादकांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही रचना सलग १२ मिनिटं वाजवायच्या होत्या आणि काही ३-३ मिनिटांच्या पाळ्यांनी आलटून पालटून. ऐकणाऱ्यांचा कल एकंदरीत आलटून पालटून तयार केलेल्या रचनांकडे झुकला. वादक मोजकेच होते आणि फरकही डोळे दिपवणारा नव्हता. पण इतर अनेक कौशल्यांच्या अभ्यासांतून जे दिसतं, त्याच दिशेचा तो होता.

यात एक अवघड गोष्ट आहे. मिसळून केलेला सराव करताना वाईट वाटतं. चुका जास्त होतात, प्रगती दिसत नाही. म्हणून जो सराव खरोखर कामाचा असतो तोच माणसं लवकर सोडून देतात.

मग तास मोजायचे की नाही?

'दहा हजार तास केले की उस्ताद होता येतं' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याचं मूळ १९९३ च्या एका अभ्यासात आहे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांच्या सवयी तपासल्या. सर्वांत वरच्या गटाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होती. म्हणजे ही सरासरी होती, उंबरठा नव्हता. त्या गटातल्या बऱ्याच जणांचे तास त्याहून कमी होते. २००८ मध्ये एका लोकप्रिय पुस्तकातून हा आकडा नियमासारखा पसरला आणि त्यावर खुद्द एरिक्सन यांनी आक्षेप घेतला. त्यांच्या लेखी तासांइतकाच तो सराव कसा झाला हेही महत्त्वाचं होतं. नेमकं काय सुधारायचं ते ठरवलेलं असावं, चूक लगेच कळावी आणि काम आत्ताच्या कुवतीच्या जरा पुढचं असावं. पुढे २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर संगीतातल्या माणसामाणसांतल्या फरकांपैकी साधारण २१ टक्के फरक असा सराव समजावून सांगतो, असं दिसलं. हा वाटा लहान नाही, पण तोच सगळं ठरवतो असंही नाही.

मला याहून बोलका वाटतो तो टेक्सास विद्यापीठातला २००९ चा अभ्यास. पियानो शिकणाऱ्या १७ प्रगत विद्यार्थ्यांना शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराच्या एका कॉन्चेर्टोतला (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेतला) छोटासा अवघड तुकडा दिला आणि समाधान होईपर्यंत सराव करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा १५ वेळा वाजवून घेतला आणि क्रम लावले. कोण किती वेळ बसलं आणि कोणी किती वेळा वाजवलं, याचा क्रमाशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो चुकीच्या आवर्तनांच्या संख्येशी आणि एकूण आवर्तनांपैकी किती हिस्सा बरोबर होता त्याच्याशी. सुरुवातीच्या चुका वरच्या क्रमांकांवरच्या वादकांकडूनही झाल्या. मात्र चूक झाली की ते तिथेच थांबत, ती नेमकी कुठे आणि कशामुळे झाली ते शोधत, लय उतरवत आणि ती चूक पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था करूनच पुढे जात. बाकीचे चूक घेऊन पुढे जात राहिले. हाताला बरोबर-चूक कळत नाही. जे वारंवार होतं ते तो शिकतो, मग ती चूक का असेना.

चूक झाली की नेमकं काय करायचं

पहिली गोष्ट, सुरुवातीला परत जायचं नाही. ही सवय जवळजवळ प्रत्येकाला असते आणि ती फार महागात पडते. समजा सोळा ओळींची रचना आहे, प्रत्येक ओळ दहा सेकंदांची, आणि हात बाराव्या ओळीत अडतो. दर वेळी पहिल्यापासून सुरू केलं, तर त्या अडणाऱ्या जागेशी एकदा भेट व्हायला ११० सेकंद जातात. पाच प्रयत्नांना नऊ मिनिटांहून जास्त. तीच जागा वेगळी काढून वाजवली, तर पाच प्रयत्न एका मिनिटात होतात. शिवाय पहिल्या चार ओळी आधीच पाठ असताना त्याच पक्क्या होत राहतात. पुष्कळांची रचना सुरुवातीला झकास आणि शेवटाकडे डळमळीत असते, तिचं कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट, चूक सहसा एखाद्या स्वरात नसते. ती एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्षणात असते. म्हणून 'बारावी ओळ येत नाही' हे निदान अपुरं आहे. 'तिसऱ्या स्वरावरून चौथ्यावर जाताना अंगठा उशिरा येतो' इथपर्यंत पोहोचायला हवं. हार्मोनियमवर पांढरी एकला, म्हणजे सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, सा धरला, तर सा, रे, ग अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजतात आणि मध्यमासाठी, म्हणजे म या स्वरासाठी, अंगठा बोटांखालून पुढे सरकतो. सप्तक चढताना लय मोडते ती बहुधा इथेच. उपाय म्हणजे फक्त 'ग म, ग म' वाजवणं, तेही अंगठा गंधार (ग) चालू असतानाच खालून निघेल असं पाहून. गिटारवर ए मायनर कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना नवशिके तिन्ही बोटं उचलतात. खरं तर तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेल्या पहिल्या घराला) आणि मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला जागच्या जागी राहतं. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. हे एकदा कळलं की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. कितीही वेळा घोटलं तरी हे आपोआप कळेलच असं नाही, ते थांबून पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट, कारण शोधायचं. माझ्या मते सरावातलं सगळ्यात मोलाचं काम हे आहे. एकाच अडखळण्यामागे चार-पाच वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

बोटं ठरलेली नसतील, म्हणजे तोच स्वर एकदा मधल्या बोटाने आणि एकदा अनामिकेने वाजत असेल, तर हाताला प्रत्येक वेळी नवीन गोष्ट शिकावी लागते. एक बोटरचना ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. पुढचा स्वर कुठला तेच आठवत नसेल, तर हाताला दोष देण्यात अर्थ नाही. वाद्य बाजूला ठेवून ओळ तोंडाने म्हणून पाहा. तबल्यात बोल आधी हाताने ताल देत म्हणून घ्यायचे असतात ते याचसाठी. जे तोंडून लयीत येत नाही ते हातातून येणं कठीणच. लयीत हिशेब चुकत असेल, तर स्वर बाजूला ठेवून एकाच स्वरावर नुसता ठेका वाजवा. आणि खांदा, मनगट किंवा जबडा आवळला जात असेल, तर लय उतरवल्याखेरीज इलाज नाही. आवळलेल्या स्नायूने मिळवलेला वेग पुढे टिकत नाही.

कारण सापडलं की दोन स्वरांचा तो सांधा हळू लयीत सुधारायचा. मग आधीचा एक स्वर जोडायचा, नंतरचा एक स्वर जोडायचा, आणि शेवटी दोन ओळी आधीपासून येऊन त्या जागेतून पार निघून जायचं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. मग तुकडा सुटा छान वाजतो, पण रचनेत आला की पडतो, कारण तिथे पोहोचतानाची हाताची अवस्था वेगळी असते.

किती वेळा? लागोपाठ तीन वेळा स्वच्छ आलं की पुढे जा, हा कामचलाऊ नियम पुरतो. एकदा योगायोगाने जमू शकतं, तीनदा सहसा नाही. तिसऱ्याला चुकलं तर मोजणी पुन्हा एकपासून. चार-पाच प्रयत्नांत तीनची माळ लागत नसेल, तर लय जास्त आहे किंवा तुकडा मोठा आहे, दोन्हींपैकी एक कमी करा. तीनदा जमल्यावर मात्र तिथेच वीस वेळा घोटत बसू नका. त्या पुढच्या आवर्तनांत गुणाकार होत नाही, नुसतं ८८८ लिहिलं जातं. ती जागा सोडा, दुसरं काही वाजवा आणि दहा मिनिटांनी परत या. परत आल्यावरचा पहिला प्रयत्न हीच खरी परीक्षा. तो वहीत नोंदवा.

लांब रचना पाठ करायची असेल, तर शेवटाकडून सुरू करून पाहा. आधी शेवटची ओळ, मग शेवटच्या दोन, मग तीन. वाजवताना मग आपण अनोळखीकडून ओळखीकडे जात राहतो आणि शेवट सर्वांत पक्का होतो. तिहाईसारख्या रचनेत, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून जिथे शेवटचा आघात समेवरच (तालाच्या पहिल्या मात्रेवरच) पडायला हवा, तिथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते.

हळू वाजवा, पण कसं?

'हळू वाजव' हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला जातो. हळू लयीत हाताला ज्या हालचाली परवडतात त्या जलद लयीत परवडत नाहीत. तबल्यावर 'धिरधिर' हा बोल ठाय, म्हणजे संथ, लयीत वाजवताना पूर्ण पंजा दोनदा उचलून आपटला तरी चालून जातं. जलद लयीत तेच करायला वेळच नसतो. तिथे पंजा चामड्याच्या जवळच राहून एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कलंडतो. महिनाभर पंजा उचलून ठाय लयीत वाजवलं असेल, तर लय वाढवताना एका ठिकाणी हात अडतो तो अडतोच, कारण शिकलेली हालचालच वेगळी आहे. गिटारवर बोटं तारेपासून उंच उडणं किंवा पियानोवर प्रत्येक पट्टीला मनगट खाली-वर होणं ही याचीच रूपं.

म्हणून हळू लयीतही हालचाल जलद लयीचीच हवी: लहान, जवळून, सैल. ती कोणती हे कळण्यासाठी अधूनमधून अगदी छोटे जलद तुकडे वाजवायचे. फक्त तीन-चार स्वर किंवा एक बोल, हव्या त्या अंतिम लयीत, आणि लगेच थांबायचं. दोन-तीन सेकंद हात सैल सोडायचा आणि पुन्हा. चार स्वर सुटे जमले की पाचवा जोडायचा. संथ आणि सलग सरावातून अचूकपणा येतो, छोट्या जलद तुकड्यांतून हालचालीचा आकार कळतो. दोन्ही लागतात.

मेट्रोनोम: शिक्षक म्हणून चांगला, कुबडी म्हणून वाईट

मेट्रोनोम म्हणजे ठरवलेल्या गतीने टकटक करणारं यंत्र. मिनिटाला ६० म्हणजे सेकंदाला एक टकटक. फोनवरही मिळतो. त्याचा पहिला उपयोग लय वाढवण्यासाठी. ६० वर तीनदा स्वच्छ आलं की ६८, तिथे जमलं की मागे ६४ वर येऊन एकदा आरामात, मग ७२. अशी थोडी मागे घेत लय वाढवली, तर हात घट्ट होत नाही. रोज कालच्या शेवटच्या आकड्यापासून सुरू करू नका, वीसेक टक्के खालून या.

दुसरा उपयोग कमी जण करतात आणि तोच जास्त शिकवतो. आकडा निम्मा करा. ८० च्या लयीत वाजवत असाल तर मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि ती टकटक प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर पडते असं धरा. ते जमलं की चार मात्रांना एक. आता मधल्या मात्रा तुम्हालाच सांभाळाव्या लागतात. टकटक यायच्या आधी पोहोचलात तर पळताय, नंतर पोहोचलात तर रेंगाळताय. प्रत्येक मात्रेला टकटक लावून वर्षभर सराव केलेल्या माणसाची लय यंत्र बंद केल्यावर पळते, कारण लय धरण्याचं काम त्याने कधी केलेलंच नसतं.

पाऊण तास कसा वापरायचा

समजा हाताशी ४५ मिनिटं आहेत. पहिली पाच मिनिटं हात आणि कान जागे करण्यासाठी: लांब स्वर, सोपे अलंकार, संथ आघात. पण त्याआधी, अगदी थंड हाताने, कालची अवघड जागा एकदाच वाजवून पाहा. पक्केपणा मोजण्याची दिवसातली ती एकच संधी असते, एकदा हात गरम झाला की ती गेली.

मग तीन कामं निवडा, तिन्ही लहान. उदाहरणार्थ एका तानेचा सांधा, एक नवीन पलटा (स्वर ठरावीक क्रमाने फिरवण्याचा छोटा तुकडा) आणि जुन्या रचनेतल्या दोन कच्च्या ओळी. प्रत्येकाला चार मिनिटं, आणि तिन्हींची पाळी दोनदा लावायची. चोवीस मिनिटं होतात. दुसऱ्या पाळीत पहिलं काम परत समोर येतं तेव्हा ते थोडं विसरलेलं असतं. ते हवंच आहे. 'आज तानांचा सराव' असं मोघम लिहू नका. 'ग म चा सांधा, ७२ वर तीनदा' असं लिहिलं की काम झालं की नाही हे कळतं.

त्यानंतर पाच मिनिटं विश्रांती, वाद्य खाली ठेवून. राहिलेली दहा-अकरा मिनिटं काहीतरी पूर्ण वाजवायचं, न थांबता, चुकलं तरी. एकदा ते फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना मेंदू हाताच्या कामात गुंतलेला असतो, कानाला पूर्ण लक्ष मिळत नाही. लगेच ऐकलं तर 'मला असं वाजवायचं होतं' हेच ऐकू येतं, दिवसाभराने जे खरंच वाजलं ते ऐकू येतं. ऐकताना एका वेळी एकच प्रश्न विचारा: आधी फक्त लय, पुन्हा ऐकताना फक्त सूर.

वाद्यही उत्तर देत असतं, ते ऐकायला शिकायचं. व्हायोलिनच्या ए तारेवर तिसऱ्या बोटाने डी स्वर अचूक लागला, तर शेजारची मोकळी डी तार न छेडता निनादते. बोट किंचित इकडेतिकडे असेल तर ती गप्प राहते. तंबोऱ्याच्या संगतीने बासरीवर स्वर लावताना सूर मिळाला की दोन आवाजांमधली थरथर थांबते. शिक्षक समोर नसताना चूक लगेच कळण्याचं याहून चांगलं साधन नाही.

'पण एकच पलटा तासभर घोटून मोठे झालेले वादक आहेत की!'

हा आक्षेप अगदी योग्य आहे. पुनरावृत्ती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. काही गोष्टी तिच्याशिवाय होतच नाहीत: दम, बोटांची ताकद, आवाजाचा एकसारखेपणा, लयीत दीर्घकाळ टिकून राहणं. अगदी नवीन हालचाल पहिल्यांदा शिकताना ती सलग वीस-तीस वेळा करावीच लागते, कारण जी गोष्ट अजून आलेलीच नाही ती आठवून काढणार तरी कशी? मिसळण्याचा टप्पा त्यानंतरचा.

आणि तो तासभराचा पलटा नीट पाहिला तर त्यात बरंच काही बदलत असतं. लय बदलते, सुरुवातीचा स्वर बदलतो, वजन वेगवेगळ्या मात्रांवर पडतं, आणि समोर बसलेला गुरू बारीक कसर लगेच दाखवतो. शिष्य गुंगीत बोटं फिरवत नसतो, ऐकत असतो. बाहेरून दिसणारा आकार, म्हणजे एक पलटा आणि एक तास, उचलला आणि आतलं ऐकणं सोडून दिलं, तर हाती फक्त थकवा येतो.

'इतकं मोजूनमापून केलं तर संगीताचा आनंद जाईल'

सगळा वेळ असा घालवला तर खरंच जाईल. म्हणूनच सराव आणि वादन वेगळे ठेवायचे. सरावात चूक झाली की थांबायचं, वादनात चूक झाली तरी थांबायचं नाही. दोन्ही कौशल्यं लागतात. फक्त थांबत राहणाऱ्याला रचना सलग वाजवता येत नाही आणि फक्त वाजवत राहणाऱ्याच्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षं राहतात. गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यावर: आवडती धून वाजवत बसायचं आणि त्याला सराव म्हणायचं. धून जरूर वाजवा, रोज वाजवा, पण त्यासाठी वेगळा वेळ ठेवा आणि त्या वेळात स्वतःला तपासू नका.

वाद्य हातात नसतानाचा सराव

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक साधा क्रम दिला. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास तो वाजवला. दुसऱ्या गटाने तितकाच वेळ वाद्यासमोर बसून तो फक्त मनात वाजवला. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातला बोटांचा हिस्सा दोन्ही गटांत विस्तारला. अचूकता प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची जास्त राहिली, पण मनातल्या मनात वाजवणारेही पुष्कळ पुढे गेले होते.

याचा उपयोग असा: प्रवासात किंवा रांगेत उभं असताना डोळ्यांसमोर बोटं आणून दोन ओळी सावकाश वाजवा, प्रत्येक स्वर मनात ऐकत. जिथे चित्र धूसर होतं, तिथेच प्रत्यक्षातही हात अडणार आहे. घरी गेल्यावर आधी तीच जागा घ्या.

झोपेचंही असंच. बर्लिनच्या त्या अभ्यासातले वरच्या गटातले वादक मागच्या गटापेक्षा जास्त झोपत आणि दुपारी डुलकीही काढत. दिवसभरात शिकलेल्या हालचाली मेंदूत स्थिर व्हायला झोप मदत करते. म्हणून रविवारी सलग साडेतीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणं जास्त फळतं. बेरीज तीच, पण मध्ये सहा रात्री मिळतात.

दुखत असेल तर

सरावानंतर स्नायू जड वाटणं आणि वाजवताना दुखणं यांत फरक आहे. टोचणारी वेदना, मुंग्या, बधिरपणा किंवा बोटांची पकड सैल पडणं, यांपैकी काहीही झालं की त्या दिवसापुरतं थांबायचं. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतरही ते परत आलं, तर डॉक्टरांना दाखवायचं. 'सहन केलं की हात तयार होतो' ही समजूत घातक आहे. तारवाद्याच्या नवशिक्याची बोटांची टोकं हुळहुळतात ते वेगळं, काही आठवड्यांत तिथली कातडी घट्ट होते. बासरीवर सुरुवातीला चक्कर येते ती जास्त जोराने आणि भराभर फुंकल्यामुळे. मिनिटभर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या आणि पुढे कमी हवेत स्वर लावून पाहा. इजा बहुधा होते ती वेळ एकदम वाढवल्यावर: परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ आला की अर्ध्या तासाचे तीन तास होतात. वाढवायचंच असेल तर दर आठवड्याला रोजची पाच-दहा मिनिटं वाढवा, आणि दर पंचवीस-तीस मिनिटांनी हात खाली सोडा.

लहान मुलं आणि मोठेपणी सुरू करणारे

सहा-सात वर्षांच्या मुलाला पाऊण तास बसवू नये. दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका पुरतात, प्रत्येकीत एकच छोटं काम. पालकांना वाद्य येत नसलं तरी चालतं. 'पुन्हा पहिल्यापासून वाजव' असं म्हणण्याऐवजी 'कुठे अडलं ते मला दाखव' एवढं विचारलं, तरी मुलाचं लक्ष योग्य जागी जातं.

चाळिशी-पन्नाशीत सुरू करणाऱ्यांच्या बोटांना वेग यायला जास्त दिवस लागतात, हे खरं आहे. पण कारण शोधणं, वही ठेवणं, काम लहान तुकड्यांत तोडणं ही मोठ्या माणसाला जमणारीच कामं आहेत. त्यांची अडचण वेगळी असते. कान वर्षानुवर्षं उत्तम संगीत ऐकून तयार झालेला असतो आणि हात मात्र पहिल्या दिवसाचा. त्यातून येणारी निराशा हा कुवतीचा पुरावा नाही. कान पुढे आहे, त्यामुळे स्वतःची चूक ऐकू येते, आणि सरावाला तेच लागतं.

खंड पडला तर

आजारपण, प्रवास, परीक्षा यांमुळे सराव तुटतोच. परत बसताना बुडालेले तास भरून काढायला जाऊ नका, हात दुखावतो तो तिथे. पंधरा दिवसांच्या खंडानंतर पहिले तीन दिवस नेहमीच्या निम्मा वेळ आणि नेहमीच्या लयीच्या दोन तृतीयांश लय. म्हणजे ९० वर वाजवत असाल तर ६० वरून सुरुवात. पहिल्या दिवशी जे विसरल्यासारखं वाटतं त्यातलं बरंचसं नव्याने शिकावं लागत नाही, दोन-चार बैठकांत परत येतं. जे चौथ्या दिवशीही येत नाही ते खंडाच्या आधीसुद्धा कच्चंच होतं. त्या जागा वहीत वेगळ्या लिहा आणि पुढच्या आठवड्याची तीन कामं त्यांतूनच निवडा.